उत्तरेच्या खिडकीतलं ऊन

जबलपूरच्या मराठी मंडळींत एक विनोद गेली काही वर्षं फिरतो आहे. फॅक्टरीत उभा जन्म नकाशे काढण्यात घालवलेल्या माणसाला उत्तर दिशा सापडली नाही, आणि सापडली नाही तीही सख्ख्या बहिणीच्या घराची. गणपतीच्या आरतीनंतर, लग्नाच्या पंगतीत, कुणी रस्ता चुकून उशिरा पोचला की हा विनोद निघतो. मंडळी पोट धरून हसतात. मीही हसत आलो आहे, आणि इतरांपेक्षा जरा मोठ्यानंच, कारण त्या विनोदातली दिशा मी फिरवली होती.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. आता लिहिलंच आहे तर ज्यांच्यावर तो विनोद आहे त्यांच्याबद्दलही लिहितो.

ऑफिसात आम्ही त्यांना काका म्हणायचो. आमचे मालक, ज्यांना सगळे भैयाजी म्हणत, ते वयानं काकांपेक्षा मोठे असावेत, पण तेही काकाच म्हणत. संरक्षण खात्याच्या फॅक्टरीतून ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झाल्यावर माणसानं नर्मदेच्या घाटावर बसावं, भजनी मंडळात जावं, सुनेच्या स्वयंपाकाला नावं ठेवावीत. काकांना सून नव्हती, बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांनी बासष्टाव्या वर्षी कॉम्प्युटर शिकायला घेतला आणि आमच्या डोक्यावर येऊन बसले.

ऑफिस सिविल लाइंसमधल्या एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये होतं. धंदा होता न बांधलेल्या घरांची चित्रं काढण्याचा. बिल्डर नकाशा आणून द्यायचा, आम्ही कॉम्प्युटरमध्ये खोली उभी करायचो. सोफा, कुंडी, टेबलावर चहाचा कप, आणि खिडकीतून येणारं सकाळचं कोवळं ऊन. कप नसला तर चालायचा. ऊन लागायचंच, कारण फ्लॅट घेणारा माणूस आधी ऊन बघतो, भिंती नंतर.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कॉम्प्युटरमधल्या खोलीबाहेर सूर्य लावला की तो एकेक किरण मोजत बसतो. हा आत आला, फरशीवर आपटला, भिंतीवर गेला, छताला लागला. इथवर ठीक. पण खिडकीला काच बसवली की त्याचं डोकं फिरतं. किरण काचेत शिरतो, वाकतो, थोडा परत जातो, आणि कॉम्प्युटर बिचारा सूर्य कुठे गेला म्हणून शोधत राहतो. खोली अंधारी होते, चित्रभर रव्यासारखे दाणे उठतात. यावर साऱ्या जगानं एक सोपा उपाय शोधला आहे. काच काढून टाकायची. नाहीतरी ती दिसते कुणाला? वर खिडकीबाहेर एक चकाकती पाटी उभी करायची, ती उजेड आत ढकलते. बारा मिनिटांत खोली दिवाळीसारखी. सगळे हेच करतात. मीही करायचो, आणि मला झोप उत्तम लागायची.

काका काच काढत नसत.

"खिडकीला काच आहे ना? मग काच असू दे." हे त्यांचं पहिलं आणि शेवटचं म्हणणं. त्यांच्या झोळीत पिवळ्या फडक्यात गुंडाळलेला तळहाताएवढा काचेचा तुकडा असे. ऑफिसात नवीन कोणी आलं की काका तो त्याच्या हातात देत.

"कोणत्या रंगाची आहे?"

"काका, काचेला काय रंग?"

"आता कडेनं बघ."

कडेनं ती बाटलीसारखी हिरवी दिसायची. "अच्छा," नवा माणूस म्हणायचा, दुसरं काय म्हणणार. मग काका सांगत की ऊन काचेतून येताना थोडं काही बाहेर ठेवून येतं, आणि तेवढं बाहेर ठेवल्याशिवाय खोली घरातली वाटत नाही, दुकानातली वाटते. नवीन माणूस मान डोलवायचा आणि जागेवर जाऊन मुकाट काच काढायचा.

त्यांचं एक चित्र कॉम्प्युटर दोन-दोन दिवस मोजत असे. काका समोर खुर्ची टाकून, दूध तापत ठेवल्यासारखे त्याच्याकडे बघत बसत. दाणे कमी होतात का बघत. मध्येच कुणी त्या कॉम्प्युटरवर गाणी लावली तर म्हणत, "अरे, तो काम करून राहिला, त्याला काहून त्रास देता?"

साइटवर जाण्याचं त्यांचं वेड वेगळंच. चित्र काढायच्या आधी ते स्कूटरवरून जागा बघून येत. गावातलं चेरीताल असो की बाहेरचं पाटन, खिशात होकायंत्र. इमारत उभी नसली तर नुसत्या खड्ड्याच्या काठाशी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर बसत आणि ऊन कुठून कुठे जातं ते वहीत लिहीत. मजुरांना वाटे सरकारी माणूस आला आहे, ते चहा आणून देत. परत आल्यावर भैयाजी विचारत, "काका, गड्ढे में क्या देखा?" काका म्हणत, "खिड़की."

भैयाजींना ते परवडत कसे, हा प्रश्न मलाही पडायचा. खरं कारण असं की अवघड खिडक्यांचं काम आलं की आम्हाला काका लागत, आणि सोपं काम आलं की काका नको असत. सोपं कामच जास्त येई.

उन्हावरून वेळ सांगण्याची सवय त्यांना रोगासारखी जडली होती. हळदीकुंकवाच्या फोटोवरून, भेटायला आलेल्या पाहुण्याच्या मोबाइलवरून, कुठूनही. एकदा ऑफिसातल्या एका मुलीनं ताप आला म्हणून सुट्टी घेतली आणि पुरावा म्हणून उशीवर डोकं ठेवलेला फोटो ग्रुपवर टाकला. भैयाजी हळहळले. काकांनी फोटो बोटांनी मोठा केला, दोन मिनिटं पाहिला आणि फोन खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा माझ्या टेबलाशी तिला हळूच म्हणाले, "बेटा, तापात गाडीच्या काचेला उशी लावून डोकं टेकवू नये. आणि भेडाघाटला धबधबा बघायला जाताना दुपारचं ऊन डाव्या खिडकीतून येतं, तिकडे बसूच नये." भैयाजींना हे कधीच कळलं नाही. काकांना दुसऱ्याचं गुपित पोटात ठेवता येत असे. मलाही येतं, पण मी फक्त माझं ठेवतो.

फॅक्टरीतली आणखी एक सवय त्यांनी आमच्या गळ्यात मारली होती. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात, खाली, एक बारीक तक्ता. दोन चौकटी: 'काढले' आणि 'तपासले'. शेजारी उत्तर दाखवणारा छोटा बाण. फॅक्टरीत म्हणे बाणाशिवाय कागद टेबलावरून हलत नसे. आमच्या धंद्यात कोणी हे करत नाही. भैयाजींनी ते चालवून घेतलं, कारण बिल्डरांना ते काहीतरी विदेशी वाटायचं. काकांच्या चित्रात 'काढले'पुढे त्यांची आद्याक्षरं आणि 'तपासले'पुढे माझी. तपासायचो मी कधीच नाही.

त्या बाणाकडे बघणारी जबलपुरात एकच व्यक्ती होती, काकांची थोरली बहीण. माई. शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेल्या, एकट्या, दोन खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या. थंडी पडली की त्यांचे गुडघे इतके दुखत की त्या खुर्ची घेऊन उन्हामागे घरभर फिरत. भावाचं कोणतंही चित्र हातात आलं की चष्मा लावून आधी कोपरा बघायच्या. "बाण आहे ना? मग ठीक. सोफे-बिफे तुझे कोणी बघून नाही राहिलं."

चेरीतालच्या त्या इमारतीचं काम आलं तेव्हा तिथे नुसता खड्डा होता. काका पोत्यावर बसून आले. खिडकी सरळ उत्तरेला. दोन दिवस मोजून काकांनी चित्र काढलं: करडा, शांत, काचेतून गाळून आलेला उजेड, सोफ्याच्या पाठीवर थोडा, फरशीवर नाहीच. आज मला वाटतं, आमच्या गॅरेजमधून बाहेर पडायला निघालेलं ते सर्वांत सुंदर चित्र होतं. भैयाजींनी चष्मा वर केला.

"काका, इसमें धूप कहाँ है?"

"जून में आएगी. सुबह-शाम."

"जून में किसको चाहिए?"

"वो बिल्डर से पूछिए. खिड़की उसने लगाई है."

एक वाजता काका नेहमीप्रमाणे स्कूटर काढून घरी जेवायला गेले. ते तीनला येत. भैयाजी माझ्याकडे बघून म्हणाले, "देख ले भैया, पाँच बजे तक भेजना है." एवढंच. धमकी नाही, लालूच नाही. मला भीती वाटत होती असं लिहिता आलं असतं तर बरं दिसलं असतं. भीती नव्हती. सोय होती. शिवाय, आता सगळंच सांगतो आहे तर, त्या चित्राकडे बघून मला जरा राग आला होता. इतकं चांगलं माझ्याकडून कधी झालं नसतं.

मी काकांची फाइल उघडली. उत्तर दिशा धरली आणि पंख्याचा रेग्युलेटर फिरवावा तशी फिरवली. काच काढली. पाटी लावली. बारा मिनिटांत सोफ्यावर पौषातलं लखलखीत ऊन. मग कोपऱ्यातला बाण उरला. तो तसाच राहिला असता तर चित्र स्वतःच खोटं पडलं असतं, म्हणून मी बाणही फिरवला. आद्याक्षरं तशीच ठेवली. त्यांची आणि माझी.

तीनला काका आले. मी म्हणालो, "काका, पास झालं."

"तसंच?"

"तसंच."

त्यांनी परत स्कूटरला किक मारली आणि अर्ध्या तासानं खोव्याच्या जलेबीचा पुडा घेऊन आले. सगळ्या ऑफिसला वाटली. भैयाजींनाही. "काचेसकट पास झालं," प्रत्येकाला सांगत होते. भैयाजी जलेबी खाताना छताकडे बघत होते. मी दोन खाल्ल्या. चांगल्या होत्या.

छापलेलं माहितीपत्रक काका कधी बघत नसत, ते छापखान्याचं काम. माईंनी पाहिलं. कोपरा पाहिला, बाण पाहिला, खिडकी आग्नेयेला. भावाला न विचारता त्यांनी फ्लॅट घेतला. त्याला चकित करायचं होतं. नंतर म्हणाल्या, "तुला काय विचारायचं होतं रे? तूच तर काढून ठेवलं होतं." खड्ड्याकडे बघून कुणाला दिशा कळत नाही. कळत असे ते एकटे काकाच, आणि त्यांना विचारलं नव्हतं.

इमारत व्हायला दोन वर्षं लागली. माई राहायला गेल्या त्या मार्गशीर्षात. आठ दिवस त्या खुर्ची घेऊन खोल्या-खोल्यांतून फिरल्या, आणि नवव्या दिवशी भावाला फोन केला. "ऊन कुठे आहे?"

काका त्या दिवशी ऑफिसात आले ते थेट जुन्या फाइलींकडे गेले. मी माझ्या जागेवर होतो. फाइल उघडल्याचं मला दिसलं.

"अरे," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. ही दिशा मी अशी ठेवली होती?"

हा तो क्षण. सांगायचं तर तेव्हाच सांगायचं होतं. मी म्हणालो, "बहुतेक, काका. तेव्हा गडबड होती ना."

"आणि काच?"

"तुम्हीच काढली असेल."

"मी? काच?"

त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता तर मी कदाचित कबूल केलं असतं, निदान भांडलो तरी असतो. पण त्यांनी संशय घेतला तो स्वतःवर. "चलो," म्हणाले, "वय झालं."

त्यानंतर ते महिनाभर आले आणि मग आले नाहीत. स्कूटर विकून टाकली, कारण ज्याला दिशा आठवत नाही त्यानं रस्त्यावर येऊ नये. गॅस बंद केला का, हे कागदावर लिहायला लागले. स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे स्वतः होऊन गेले. डॉक्टरांनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. काकांनी काढलं आणि विचारलं, घड्याळ कोणत्या भिंतीवर आहे, सावली टाकायची राहिली. डॉक्टरांनी म्हणे लिहिलं की लक्ष एका जागी राहत नाही. हे मला माईंनी सांगितलं, आणि मी "अरेरे" म्हणालो. तोवर तो विनोद गावभर झाला होता. मंडळींना मी कधी तो सांगितला नाही. हसलो फक्त. स्वतःच्या बाजूनं सांगण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे.

तिसऱ्या थंडीत एका रविवारी मी चेरीतालला कुणाकडे तरी तिळगूळ द्यायला गेलो होतो. माईंच्या गल्लीतून जाताना थांबलो. त्यांच्या इमारतीची उत्तरेची भिंत सावलीत होती, असायचीच. आणि त्या सावलीच्या मधोमध, तिसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीवर, दाराएवढा उन्हाचा चौकोन पडला होता. उत्तरेच्या खिडकीत, संक्रांतीला, सकाळी अकरा वाजता.

मी वळून वर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या छतावर काका उभे होते.

वर गेलो. नकाशे काढायच्या फळ्याचा जुना लोखंडी स्टँड त्यांनी आणला होता, कललेला, मागे स्क्रू असलेला. फळ्याच्या जागी कपाटाच्या दाराचा उभा आरसा. तो दक्षिणेचं ऊन पकडून गल्लीपलीकडे माईंच्या खोलीत पाठवत होता. शेजारी वाळवण घालणाऱ्या भाभींना ते सवयीचं झालेलं दिसलं. "दादाजी, आज धूप की ड्यूटी कब तक?" त्यांनी विचारलं. "साढ़े बारह," काका म्हणाले.

मला पाहून ते खूश झाले. "ऊन चार मिनिटांत वीतभर सरकतं," म्हणाले. "म्हणून आरसा फिरवत राहावं लागतं. नाहीतर माईचं ऊन शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जातं." गळ्यात दोरीनं वही बांधली होती. प्रत्येक वेळी आरसा हलवला की त्यात वेळ लिहीत आणि पुढे 'हलवला' अशी नोंद. "काय आहे, हलवला की नाही हे माझ्या ध्यानात नाही राहत. दिशेचं झालं तसं." वहीत दोन रकाने होते. 'हलवला' भरलेला. 'तपासला' पानोपानी कोरा.

तो कोरा रकाना मी शेवटच्या पानापर्यंत चाळला. मी कठड्यावर बसलो आणि सांगितलं. सगळं, एका दमात, आरशाकडे बघत.

ते ऐकत होते. मध्ये चार मिनिटं झाली तेव्हा त्यांनी स्क्रू फिरवला.

"किती अंश?"

"एकशे पस्तीस."

"बाणसुद्धा?"

"बाणसुद्धा."

भाभींनी पापडाची चादर झटकली.

"दिशेचं समजलो," काका म्हणाले. "काच काहून काढली?"

दिशेबद्दल काय बोलायचं ते मी दोन वर्षं पाठ केलं होतं. काचेचं पाठांतर नव्हतं. "दोन दिवस लागले असते, काका."

"बारा मिनिटांत झालं असेल."

"हो."

"जलेबी किती खाल्ल्यास?"

"दोन."

"तीन," काका म्हणाले. "दोन माझ्यासमोर आणि एक भैयाजींच्या मागे उभं राहून. पुड्यात चौदा होत्या. मी लिहून नव्हतं ठेवलं." आणि ते थांबले. स्वतःचंच बोलणं त्यांना ऐकू आलं असावं. "लिहून नव्हतं ठेवलं," ते पुन्हा म्हणाले, माझ्याशी नाही.

तीनच होत्या. मी विसरलो होतो.

त्यांनी गळ्यातली दोरी काढली आणि वही कठड्यावर ठेवली. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. शिव्या देतील, किंवा माफ करतील. दोन्हींची तयारी करून मी उभा राहिलो. त्यांनी माझा हात धरून स्टँडच्या स्क्रूवर ठेवला.

"धर. साडेबारापर्यंत."

आणि जिना उतरून गेले. गल्ली ओलांडताना मला वरून दिसले. इकडे-तिकडे न बघता, एका चालीनं. आरशापाशी मी एकटा, आणि हातात ऊन. ते सांभाळायला किती कठीण असतं हे मला माहीत नव्हतं. नुसता श्वास घेतला तरी समोरचा चौकोन थरथरायचा.

थोड्या वेळानं चौकोनात, काचेमागे, दोन खुर्च्या दिसल्या. तीन हिवाळे काकांनी ते ऊन पाठवलं होतं, स्वतः त्यात बसले नव्हते. खिडकी बंद होती, पण चेरीतालच्या गल्ल्या अरुंद असतात, आणि माई जन्मभर वर्गात बोलल्या होत्या.

"आज काहून हलून राहिलं रे ऊन?"

"माणूस नवीन आहे, माई."

गेल्या वर्षी दोघांनी तो फ्लॅट विकला. काका गिऱ्हाइकाला दारातच सांगत, ऊन येत नाही, जूनमध्ये येतं, त्यामुळे विकायला वेळ लागला. शेवटी एकानं आनंदानं घेतला, त्याला टीव्हीवर ऊन पडायला नको होतं. आता ते पाटनला बैठ्या घरात राहतात, अंगणात. आरशाची गरज पडत नाही.

त्या दिवशी साडेबारा वाजले तेव्हा समोरच्या काचेमागून एक हात वर झाला. मला वाटलं, पुरे म्हणताहेत. पण तो हात एक बोट डावीकडे दाखवत होता. मी आरसा एक बोट डावीकडे घेतला.